घरी सीएनसी बसवताय? मशीन वीस हजारांचं, बिल अडतीस हजारांचं

जाहिरातीत मशीनची किंमत असते. टेबलाची नसते, नट-बोल्टची नसते, भुसा ओढणाऱ्या व्हॅक्यूमची नसते आणि लाल बटणाची तर कधीच नसते. हौसेखातर छोटं सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या सूचनेवर कापणारं-कोरणारं मशीन, घेणारे इथेच फसतात. सगळे पैसे मशीनवर संपतात, मग ते मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवून चालू केलं जातं. टेबल डुगडुगतं, गोल कापायला जावं तर अंडाकृती निघतो, आणि दोष मशीनला.

म्हणून आधीच धरून चाला: मशीनला जेवढे मोजाल, जवळपास तेवढेच त्याच्याभोवती लागतील. खाली उदाहरणाला ‘३०१८’ प्रकारचं मशीन घेतलं आहे, कारण घरगुती वापराला सर्रास तेच विकलं जातं. नावातच माप आहे: ३०० बाय १८० मिलिमीटर कामाची जागा, वर-खाली साधारण ४५. किमती अंदाजपत्रकासाठी आहेत. दुकानागणिक फरक पडेल, म्हणून दोन ठिकाणी विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

घेण्याआधी

लाकूड, एमडीएफ, ॲक्रिलिक, पीसीबी, नावाच्या पाट्या: हे सगळं ३०१८ करतं. पितळेवर कोरकाम होतं. ॲल्युमिनियम अगदी पातळ-पातळ थरांनी, तेही धीर असेल तर. लोखंडाचं नाव काढू नका. विक्रेता ‘सगळं कापतं सर’ म्हणाला, तर तुम्हाला जे कापायचंय त्याचाच तुकडा घेऊन जा आणि समोर कापून मागा.

शक्य असेल तर विकत घेण्याआधी असं मशीन एकदा चालवून बघा. पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब आहे, आता बऱ्याच इंजिनिअरिंग कॉलेजांतही अशा प्रयोगशाळा आहेत. फोन करून, वेळ आणि शुल्क विचारून जा. एक दुपार त्यात गेली तरी हौस खरी की नुसती व्हिडिओ बघून आलेली, ते कळतं.

साध्या ३०१८ चा संच १५ ते २५ हजारांत येतो. त्यात तीन गोष्टी आहेत का, ते विचारा: लिमिट स्विच (टोक आलं की बोर्डाला कळवणारे), ईआर-११ कॉलेट (बिट, म्हणजे कापणारं पातं, धरणारी पकड) आणि वीज तोडणारं स्टॉप बटण. लेझरचं जोडकाम आत्ता घेऊ नका. त्याला त्याच तरंगलांबीचा चष्मा लागतो, बंदिस्त खोका लागतो, धूर बाहेर काढायची सोय लागते. संचाबरोबर येणारा हिरवा प्लॅस्टिकचा चष्मा त्या कामाचा आहे, असं गृहीत धरू नका. आणि पीव्हीसी लेझरखाली कधीच घालायचं नाही, त्यातून क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतो.

टेबल: इथे कंजूषी नको

घडीचं टेबल नको, काचेचं नको, चाकांचं नको. जवळच्या फॅब्रिकेटरकडे जा आणि ४० बाय ४० मिमीच्या, २ मिमी जाडीच्या चौकोनी पाइपचा सांगाडा सांगा. माप ९०० बाय ६००, उंची ८५०. वर चौकट, खाली चौकट, चार पाय: एकूण साडेनऊ मीटरच्या आसपास पाइप, वजन साधारण २२ किलो. फॅब्रिकेटर किलोवर भाव सांगतो. ‘प्रायमर आणि रंग धरून किती?’ हे आधीच विचारा, नाहीतर रंग वेगळा लागतो. तीन हजार धरा. पायांना खाली उंची कमी-जास्त करणारे बोल्ट लावून घ्या, घरातली फरशी सपाट नसतेच.

वर १८ मिमी एमडीएफचे दोन थर, एकमेकांना चिकटवून आणि स्क्रूने आवळून. आठ बाय चारच्या एका शीटमधून ९०० बाय ६०० चे चार तुकडे सहज निघतात: दोन वरच्या फळीला, एक खालच्या कप्प्याला, चौथ्याचे मशीनच्या बेडवर टाकायचे बळीचे तुकडे. बिट आरपार गेलं की ते त्यात घुसावं, ॲल्युमिनियमच्या बेडमध्ये नको, म्हणून ते. शीट, कटाई आणि टेम्पो मिळून अडीच हजार. कटाई दुकानातच करून घ्या. पुण्यात शीटसाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, नट-बोल्ट आणि हत्यारांसाठी बोहरी आळी, विजेच्या सामानासाठी तपकीर गल्ली. मुंबईत हत्यारांसाठी नागदेवी, विजेच्या सामानासाठी लोहार चाळ, इलेक्ट्रॉनिक्ससाठी लॅमिंग्टन रोड.

फुकटातली युक्ती: ओट्याच्या कामातून उरलेला कडाप्पा कुणाकडे असेल तर मागून आणा. ९०० बाय ६०० चा, २० मिमी जाडीचा एक तुकडा २९ किलोच्या आसपास भरतो. तो खालच्या कप्प्यात टाका. टेबल जागचं हलत नाही, थरथर निम्म्यावर आल्यासारखी वाटते. कडाप्पा नसेल तर वाळूच्या दोन पिशव्या.

जागा निवडताना एक चूक हमखास होते. ३०१८ मध्ये वरची कमान जागेवर असते आणि बेड पुढे-मागे सरकतो. टेबल भिंतीला चिकटवून मशीन मागे सारलंत, तर बेडवरचा लांब जॉब (कापायचा तुकडा) भिंतीवर आदळेल. पुढे आणि मागे वीतभर जागा मोकळी ठेवा.

मशीन टेबलाला आवळणं

संचातले रबरी पाय मशीनखाली ठेवू नका. मशीन रबरावर उभं असेल तर मोटार एकीकडे जाते, सांगाडा दुसरीकडे. मशीन फळीला घट्ट, आणि रबर लावायचंच तर टेबलाच्या पायांखाली.

चार कोपऱ्यांना चार एल-ब्रॅकेट. मशीनच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या खाचेत टी-नट, टेबलाच्या बाजूला ६ मिमीचा आरपार बोल्ट, खाली मोठा वायसर आणि नायलॉक नट. लाकडाचे स्क्रू वापरू नका, एमडीएफमध्ये ते दोन महिन्यांत सैल होतात. सगळं सामान पाचशे रुपयांत.

आता सगळ्यात महत्त्वाची पाच मिनिटं. बोल्ट लगेच आवळू नका. वहीचा एक साधा कागद घ्या आणि मशीनच्या चारही कोपऱ्यांखाली सरकवून बघा. तीन कोपऱ्यांत तो अडकेल आणि चौथ्यात बहुधा सुळकन आत जाईल. तो कोपरा अधांतरी आहे. तसाच बोल्ट आवळलात तर कोपरा खाली बसेल खरा, पण सांगाडा पिळला जाईल, रॉड एकमेकांशी समांतर राहणार नाहीत आणि कमान मध्येच जड चालेल. म्हणून त्या कोपऱ्याखाली कागदाच्या घड्या नाहीतर पत्र्याची पातळ पट्टी घाला, कागद चारही ठिकाणी सारखा अडकला की मग बोल्ट. तेही एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जायचं नाही. गाडीचं चाक लावतो तसं समोरासमोरच्या कोपऱ्यांनी, थोडं-थोडं.

गुण्यात आणा

पेनाचं टोक मोटारीच्या जागी बांधा. मशीनला एक्समध्ये १६० मिमीची रेघ काढायला सांगा, त्याच कोपऱ्यातून वायमध्ये १२० ची. दोन टोकांमधलं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. बरोबर २०० आलं तर मशीन गुण्यात. १९९ किंवा २०१ आलं तर कमानीचे ब्रॅकेट सैल करा, किंचित फिरवा, पुन्हा रेघा. गवंडी घराचा कोपरा काढतो तेच तीन-चार-पाच.

मग लांबी. बहुतेक ३०१८ वर जीआरबीएलमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या सॉफ्टवेअरमध्ये, $१०० ची किंमत ८०० असते, म्हणजे एका मिलिमीटरला ८०० स्टेप. १०० मिमी जायला सांगितलं आणि ९९.२ गेलं, तर ८०० गुणिले १०० भागिले ९९.२, म्हणजे ८०६.४५ भरा. मात्र मोजण्याआधी त्याच दिशेने थोडं चालवून घ्या, नाहीतर स्क्रूमधली ढिलाई तुमच्या आकड्यात शिरेल. आणि कपलिंगचे बारीक स्क्रू आवळलेले नसतील तर आकडे बदलून उपयोग नाही. आधी ॲलन की, मग गणित.

लिमिट स्विच असतील तर $२२ ने होमिंग (मशीनने स्वतः कोपऱ्यात जाऊन आपली जागा ओळखणं) चालू करा आणि $२० ने सॉफ्ट लिमिट (हद्दीबाहेर जाऊ न देणं). $१३० ते $१३२ मध्ये तिन्ही दिशांची खरी मापं भरा. होमिंगचा खरा फायदा लाइट गेल्यावर कळतो. होम करून जॉबचा झीरो घेतला असेल तर तो बोर्डाच्या स्मृतीत राहतो, पुन्हा होम केलं की सापडतो. होमिंग नसेल तर अर्धा जॉब टाकून द्यायचा.

जॉब बांधणं

माझा पहिला जॉब दारावरची पाटी होती. एमडीएफचा तुकडा दोन क्लॅम्पखाली छान बसला होता. बिट एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना ५ मिमी वर उचलायचं, एवढं मी सॉफ्टवेअरला सांगितलेलं. क्लॅम्पचा बोल्ट तुकड्याच्या १२ मिमी वर आलेला होता, ते मात्र मोजलं नव्हतं. टण्ण. बिटाचं टोक खिडकीच्या जाळीत. पण मशीन थांबलं नाही. उरलेली सगळी अक्षरं चार मिलिमीटर उजवीकडे सरकवून, तुटक्या बिटाने, ते शांतपणे काढत राहिलं.

या मशीनला डोळे नसतात. मोटारीला पुढे जायला सांगितलं की ती गेलीच असं बोर्ड समजतो, मध्ये काय अडलं ते त्याला कळत नाही. म्हणून क्लॅम्पची उंची मोजा, सेफ हाइट (बिट वर उचलायची उंची) त्याहून ३-४ मिमी जास्त ठेवा, आणि पहिली फेरी हवेत काढा: झीरो २० मिमी वर घ्या आणि बिट न टेकवता पूर्ण जॉब चालवा. दहा मिनिटं जातात, तीनशेचं बिट वाचतं.

छोट्या तुकड्यांना क्लॅम्प नको. बळीच्या फळीवर मास्किंग टेप, जॉबच्या पाठीवर मास्किंग टेप, दोन्हींच्या मध्ये सुपरग्लूचे चार थेंब. मिनिटभर दाबा. काम झालं की टेप सोलून काढा, डाग नाही. आरपार कापताना आतला तुकडा सुटून बिटात अडकतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी पाव इंचाचे टॅब, म्हणजे न कापलेले जोड, ठेवा.

सुरुवातीचे आकडे: ३.१७५ मिमीचं बिट, एका फेरीला अर्धा मिमी खोली, मिनिटाला ५०० मिमी फीड. ६ मिमी एमडीएफ आरपार जायला बारा फेऱ्या होतात. वेळ लागतो. लागू द्या.

बिट आणि कॉलेटला दोन हजार बाजूला ठेवा. पन्नास बिटांचा स्वस्त डबा घेण्यापेक्षा कार्बाइडची चार चांगली घ्या. कॉलेटमध्ये भुसा अडकला की बिट वाकडं फिरतं, प्रत्येक वेळी ब्रशने झाडा.

वीज आणि लाल बटण

३०१८ चा पुरवठा बहुधा २४ व्होल्ट, ५ अँपिअर: १२० वॉट. आठ तास पूर्ण भाराने चाललं तरी एक युनिटच्या आत. विजेच्या बिलाची काळजी नको, अर्थिंगची करा. तीन पिनांचं सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही, जुन्या वाड्यांत तर अजिबात नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थिंग तपासून घ्या आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवा. आरसीसीबीचे सुमारे अठराशे. इलेक्ट्रिशियनची फेरी आणि बटण मिळून हजार.

संचातल्या लाल बटणाकडे नीट बघा. काही बटणं फक्त बोर्डाला रीसेट सांगतात. बोर्डच अडकला असेल तर ते ऐकणार कोण? बटणाने मोटारींची २४ व्होल्टची वीज तुटली पाहिजे. यूएसबीवर बोर्डाचा दिवा पेटता राहिला तरी चालेल, बिट मात्र थांबलं पाहिजे. बटण टेबलाच्या पुढच्या कडेला, डाव्या हाताशी लावा. मशीनच्या पलीकडे हात घालून दाबावं लागणारं बटण नसल्यात जमा. महिन्यातून एकदा मोटार फिरत असताना दाबून बघा.

व्हॅक्यूम आणि मशीन एका एक्स्टेन्शनवर नको. व्हॅक्यूम चालू-बंद होताना यूएसबी तुटते आणि जॉब अर्ध्यावर थांबतो. यूएसबी केबल आखूड घ्या, फेराइटचा गोळा असलेली. लॅपटॉपचं स्लीप बंद करा, ‘अपडेट नंतर’ करा. तीन तासांचा जॉब लॅपटॉप झोपल्यामुळे गेला, ही तक्रार मशीन बिघडल्याच्या तक्रारीइतकीच ऐकू येते. घरात इन्व्हर्टर असेल तर मशीन आणि लॅपटॉप त्यावर टाका, १२० वॉट त्याला काही जड नाही.

भुसा, आवाज, आग

एमडीएफचा भुसा पिठासारखा बारीक असतो आणि त्यात डिंकाचे अंश असतात. नाकाला रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लावा. ओला-सुका व्हॅक्यूम साडेपाच हजारांत येतो. घरचा झाडलोटीचा व्हॅक्यूम लावलात तर त्याची पिशवी दोन दिवसांत चोंदेल. डोळ्यांवर चष्मा नेहमीच. हातमोजे मात्र फिरत्या बिटाजवळ कधीच नाहीत, ते ओढले जातात. ओढणी, गळ्यातली साखळी, मंगळसूत्र, सैल बाही: आत, नाहीतर बाजूला.

दोन किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक दाराजवळ ठेवा, मशीनच्या मागे नाही. बाराशेच्या आसपास. बोथट बिट लाकूड कापत नाही, जाळतं. जळका वास आला की लगेच थांबवा. मशीन चालू ठेवून ‘खाली जाऊन दूध घेऊन येतो’ हे नको. घरात लहान मुलं असतील तर काम झाल्यावर ॲडॉप्टरच काढून कपाटात ठेवा.

आवाजाचं म्हणाल, तर नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते ६. ३०१८ आणि व्हॅक्यूम मिळून शेजाऱ्यांना नक्की ऐकू जातात. दुपारची वेळ ठरवा, खालच्या मजल्यावर आधी सांगून ठेवा. सोसायटीच्या ऑफिसात तक्रार पोचण्याआधी एक नावाची पाटी करून दिलेली बरी.

पावसाळ्यात एमडीएफ फुगतं आणि रॉडवर गंज चढतो. जूनच्या आधी रॉड आणि स्क्रूवर मशीन ऑइलचा हात फिरवा, वर प्लॅस्टिकचा कपडा टाका. सप्टेंबरनंतर बळीची फळी मशीननेच वरून पुन्हा सपाट करून घ्या.

सॉफ्टवेअर: शून्य रुपये

मशीन चालवायला कँडल किंवा युनिव्हर्सल जी-कोड सेंडर, रेखाटनाला इंकस्केप: सगळं मोफत. फ्युजनचं वैयक्तिक परवान्याचं रूप हौशी वापराला मोफत आहे, मर्यादा वाचून घ्या. विक्रेता पेनड्राइव्हवर ‘आर्टकॅम फ्री’ देत असेल तर नको म्हणा. ते सॉफ्टवेअर कंपनीने २०१८ मध्येच बंद केलं आहे. असं वाटलं जातं ते चोरलेलं असतं, आणि त्याबरोबर व्हायरस येतो तो खरंच फ्री.

बिल, कस्टम आणि तक्रार

भाव ‘जीएसटी धरून की सोडून’ हे लिहून घ्या. १८ टक्के म्हणजे वीस हजारांवर ३,६०० चा फरक. मग विचारा: ट्रान्सपोर्ट कोण भरणार? ‘टू पे’ लिहून पाठवलं तर पैसे तुमच्या दारात मागितले जातील. इन्स्टॉलेशन, ट्रेनिंग, ऑफलाइन कंट्रोलर हे वेगळे आहेत का? ३०१८ ला इन्स्टॉलेशनचे पैसे देऊ नका. जोडायला चार-पाच तास लागतात, आणि स्वतः जोडलंत तरच पुढे दुरुस्त करता येतं.

परदेशातून थेट मागवलंत तर कस्टम ड्युटी, त्यावर आयजीएसटी आणि कुरिअरचा हाताळणी आकार लागतो. आधार किंवा पॅन मागतात. ते फक्त कुरिअरच्या अधिकृत पोर्टलवरच द्या, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर नाही. वॉरंटी बहुधा कागदावरच राहते, कारण सुटा भाग परत पाठवण्याचा खर्च भागापेक्षा जास्त असतो.

खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा. जीएसटी बिल, पेमेंटची पावती आणि व्हिडिओ एका फोल्डरमध्ये ठेवा. मोटारीचे कार्बन ब्रश वॉरंटीत नसतात, ते झिजणारच. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं.

पाट्या विकायला लागलात तर

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे, आधार आणि पॅन पुरे. दोन हजार मागणाऱ्या हुबेहूब दिसणाऱ्या वेबसाइट आहेत, पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो का ते बघा. घरगुती वीजजोडणीवर धंदा करताना महावितरणच्या चालू दरपत्रकातली अट आधी वाचा. विनापरवाना वेगळ्या कामासाठी वापर ठरला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते.

हिशेब

मशीन २०,०००. सांगाडा ३,०००. एमडीएफ, कटाई, टेम्पो २,५००. ब्रॅकेट-बोल्ट ५००. व्हॅक्यूम ५,५००. बिट-कॉलेट २,०००. बटण आणि इलेक्ट्रिशियन १,०००. आरसीसीबी १,८००. अग्निशामक १,२००. चष्मा, मास्क, कानांचे बोळे ७००. एकूण ३८,२००. वेळ: दोन शनिवार-रविवार.

हात आखडायचाच असेल तर व्हॅक्यूम महिनाभर पुढे ढकला आणि तोवर मास्क लावून ब्रशने झाडा, किंवा मशीनच एक पायरी खालचं घ्या. बटण, चष्मा, अग्निशामक आणि ते पाचशे रुपयांचे बोल्ट यांतलं काही वगळू नका.

आणि बसवून झालं म्हणजे संपलं असंही नाही. थरथरीने बोल्ट सैल होतात, फळी दमट हवेत हलते. तो वहीचा कागद टेबलाच्या खालच्या कप्प्यातच ठेवा. महिन्यातून एकदा चारही कोपऱ्यांखाली सरकवून बघा. अडकला, तर कामाला लागा. सुळकन गेला, तर आधी पाना.